फटफटी ऐकणारे नाना

आमच्या शेजारचे विठ्ठलनाना मोटारसायकल चालवत कमी आणि ऐकत जास्त. हातभर लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर करून सगळ्या गल्लीला गप्प बसवायचं. धुळ्याच्या नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांमध्ये आमची गल्ली भांडणात पहिल्या नंबरची. पण नानांचा हात वर गेला की नळावरच्या बायाही घागरी खाली ठेवून थांबत. मग नाना डोळे उघडून जाहीर करत, "समजनं! बठ्ठं समजनं!" म्हणजे सगळं समजलं.

त्यानंतर इंजिन खोललं जायचं.

नाना मुळात कचेरीतले कारकून. साहेबापुढे बोलणं अगदी छापील, पण इंजिनापुढे बसले की तोंडात फक्त अहिराणी. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ही फटफटी त्यांनी भुसावळहून आणली होती. तिचा आवाज असा की ती आली हे गल्लीच्या आधी पांझरेच्या पुलाला कळे. बायको गेल्यापासून घरात माणसं दोनच, नाना आणि त्यांची लेक सुमन. फटफटीला धरलं तर तीन.

नानांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. फटफटी धड असली तर ते दुसऱ्यांची यंत्रं ऐकायला निघत. शेजारच्या सखूअक्काचं शिवणयंत्र ऐकलं, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी ऐकली आणि एकदा माझं भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. ते बिचारं रोज जरा मागं पडायचं, एवढंच. नानांनी ते खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं आणि म्हणाले, "मास्तर, आता हे मागं पडणार नाही." खरंच पडलं नाही. बंदच झालं. तेव्हापासून घड्याळाचा विषय निघाला की माझं डोकं फिरे.

शिवाय आमची भिंत एक. शाळेतून येऊन मी जरा आडवा झालो की पलीकडे नानांचा तास सुरू. "सुमे, टाकीच्या झाकणाला बारीक भोक कशाला असतं?"

"टाकीला दम घ्यायला, नाना."

"आणि ते बुजलं तर?"

"पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी थोडी चालते आणि गुदमरते."

"शाब्बास!" आणि पाना खण्णकन फरशीवर. मी कूस बदलायचो.

सुमनला पिंपळनेरला दिलं आणि नाना जास्तच सैरभैर झाले. चांगली चालणारी फटफटी दर रविवारी खोलू लागले. जेवायला बसले तरी अर्ध्या भाकरीवरून उठून अंगणात जात. मग आली लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आखाजीला लेक माहेरी यायची म्हणजे यायचीच. नाना स्वतः जाऊन तिला मागं बसवून घेऊन आले. झोके झाले, मांडे झाले, आमरस झाला. भिंतीपलीकडून पुन्हा हसण्याचे आवाज आले, आणि मी झोपमोडीची तक्रार केली नाही.

सुमनला परत पाठवायचा दिवस ठरला मंगळवार. नेमके व्याही कामानिमित्त धुळ्यात आलेले. सकाळच्या बसला निघताना ते ओट्यावर उभे राहून म्हणाले, "नाना, पोरले बसमा बसाडा. फटफटीना काय भरोसा शे?"

नानांच्या मिशा थरथरल्या. "तुम्ही जा बसमा. आम्ही दिवा लागाना पहिले पोची जासूत!"

"नही पोचनात तर?"

"तर हाऊ कान कापी दिसू तुम्हले!"

सगळी गल्ली ऐकत होती. त्या दिवशी दुसरी बस नव्हती. नानांचा शब्द गेला आणि बसही गेली.

दोघं थाटात निघाली आणि थोड्याच वेळात ढकलत परत आली. फटफटी साक्री रस्त्याला लागली की बंद. पेट्रोल पाहायला झाकण उघडावं, लाथ मारावी, की सुरू. जरा पुढं गेली की पुन्हा बंद. नानांनी शर्ट काढला आणि अंगणात बसले. प्लग काढला, पुसला, लावला. कार्बोरेटर खोलला. पेचकस लावून इंजिनाच्या चारी बाजू ऐकल्या. ऊन असं की पाना हातात धरवेना. उभे राहत, बसत, पुन्हा उभे राहत.

"नाना, मॅग्नेटो पाहिला का?" सुमन चहा देताना म्हणाली. नानांनी मॅग्नेटो खोलला.

सखूअक्का कुंपणावरून डोकावली. "काय नाना, कान कापाले सुरी आनू का?"

मला हसू आलं, पण नानांचं तोंड पाहून गिळलं. ज्या कानाच्या जोरावर माणूस जगला, तोच आज पणाला लागला होता.

उन्हं कलली. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो तेव्हा नाना टाकीचं झाकण उलटं धरून बसले होते. टाचणीनं त्यांनी झाकणाच्या भोकातून काहीतरी ओढून काढलं. कापसाची वात. देवापुढं लावतात तशी, टोकाला घट्ट पीळ दिलेली. आत देवघरापुढं सुमन वाती वळत बसली होती. तिचे हात थांबलेले मला दिसले.

नानांनी वात तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहिली. अजून उजेड होता. आत्ता निघाले असते तर दिवेलागणीच्या आत पोचले असते. कान वाचला असता, वर गल्लीत आठवडाभर मिरवता आलं असतं. नानांनी वात बोटांनी पुन्हा वळली, भोकात नीट बसवली आणि झाकण लावून टाकलं.

मग उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नही समजनं!"

हे शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. 

"मग उद्या?" मी विचारलं.

"उद्या बुधवार. जाशील बुधी तर येशील कधी? बुधवारी लेक पाठवत नाहीत, मास्तर. गुरुवारी पाहू."

बुधवारी नानांनी रजा टाकली आणि अख्खं इंजिन अंगणात पसरलं. सुमन पाने देत होती, नाना प्रश्न विचारत होते, आणि दोघंही ठाऊक असलेला दोष मन लावून शोधत होती. टाकीच्या झाकणाला मात्र कुणी हात लावला नाही. मला त्या दोघांचा विलक्षण हेवा वाटला.

गुरुवारी एका लाथेत फटफटी सुरू झाली आणि दोघांना घेऊन निघाली ती वाटेत थांबलीच नाही.

शुक्रवारी मी शाळेतून आलो तर नाना परत आलेले, अंगणात बसलेले. बंद, थंड इंजिनाला पेचकस लावून ऐकत होते.

"व्याही काय म्हणाले?"

"कान मागितला. म्हटलं, घेऊन टाका."

"आणि बंद इंजिनात काय ऐकताय?"

नानांनी डोळे उघडले नाहीत. "कितलं शांत शे बठ्ठं, मास्तर."

मी घरात गेलो, भिंतीवरचं ते मेलं घड्याळ उतरवलं आणि नानांच्या मांडीवर आणून ठेवलं.

"नाना, हे जरा ऐका."

नानांनी पेचकस उचलला आणि गल्लीला गप्प करायला हात वर केला.