एकतीस तुकड्यांची अ‍ॅम्बॅसिडर

ज्याला गणित येतं, त्याला गाडी जोडता येते! हे वाक्य मी नवरात्राच्या पहिल्या माळेला आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये उभं राहून बोललो आणि वर टाळीही घेतली. आता बोलून बसल्यावर माघार कशी घ्यायची?

गाडी आमच्या आप्पांची. म्हणजे वडिलांची. चौऱ्याऐंशी सालची पांढरी अ‍ॅम्बॅसिडर. आप्पांचं आम्हा मुलांवर प्रेम नाही असं नाही, पण पहिला नंबर गाडीचा. ती लोणखेड्याच्या आमच्या घराच्या भिंतीला डावी बाजू घासेल इतकी चिकटवून लावायची, हा त्यांचा कडक नियम. त्यामुळे लहानपणापासून आम्ही सगळे उजव्या दारानेच, पोत्यातून बटाटे सांडावेत तसे एकामागून एक उतरत आलो. असं का, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

दोन वर्षांपासून मोतीबिंदूमुळे आप्पांना फारसं दिसत नव्हतं. रोज सकाळी गाडीवर नुसता हात फिरवायचे. ते बघून आपल्याला घास गोड लागत नसे. यंदा माझी बहीण ममता त्यांना ऑपरेशनसाठी सुरतला घेऊन गेली. निघताना मला म्हणाले, "नवनीत, गाडीले रंग लायी ले. दसराले मी परत ईसू. नवा डोयासनी पहिले मन्ही गाडी देखसू. दारमा उभी पाहिजे!"

झालं! रंगवाला सुकराम म्हणाला, "सर, पार्ट खोलानं नि बसाडानं काम मन्हावर सोडा."

"तू फक्त रंग मार," मी म्हणालो. "बाकी पद्धत माझी."

पद्धत अशी. मडगार्ड, बॉनेट, डिकी, बंपर, जाळी, दिव्यांच्या कड्या, बाजूच्या चकाकत्या पट्ट्या, सगळं मी स्वतः खोललं. एकतीस तुकडे! प्रत्येकाच्या आतल्या बाजूला खडूने नंबर टाकला. प्रत्येकाच्या स्क्रूंची वेगळी पुडी, पुडीवर तोच नंबर.

"अहो, फोटू तरी काढी ल्या," बायको कामिनी म्हणाली.

"फोटो ते काढतात, ज्यांच्याकडे पद्धत नसते!"

हे वाक्य कामिनीने पुढे मला किती वेळा ऐकवलं ते सांगत नाही.

सुकरामने रंग झकास दिला, सगळे तुकडे अंगणात आणून ठेवले आणि सणासाठी धडगावकडच्या आपल्या गावी निघून गेला. खांडेनवमीला सकाळी मी पट्ट्यांच्या क्लिपा आणायला शहाद्याला गेलो. दुपारी गाडी जोडून टाकायची, दुसऱ्या दिवशी आप्पा हजर. आकडेमोड चोख होती!

परत आलो आणि फाटकातच थांबलो. अंगणात एकतीस तुकडे ओळीने मांडलेले. स्वच्छ धुतलेले, पुसलेले, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल! मधोमध परातीत सगळ्या पुड्यांमधले सगळे स्क्रू एकत्र, आणि त्यांच्या डोक्यावर नारळ!

"माय! हाई काय करं?"

"काय म्हंजे? खांडेनवमी शे ना आज! गाडी पुजनी नही पडावं का?" माझी आई फुलवंताबाई पदराला हात पुसत म्हणाली. "अखंड व्हती तं एकच टिक्का लागता. तू एकतीस कऱ्यात, मी एकतीस लायात. मन्ही कंबर गयी!"

"आनि आतमधला नंबर?"

"ते खडूनं गिचमिड? घासी घासी काढं बरं! पार नारयना काथ्या लागना."

मी लगेच सुकरामला फोन लावला. त्याच्या गावात रेंज नाही, हे मला फोनमधल्या बाईने तीनदा सांगितलं.

मग सुरू झाली लढाई! शेजारचे हिलालकाका चहा घेऊन ओट्यावर बसले आणि बसल्या जागेवरून सेनापती झाले.

"नवनीत, तो बंपर मांगला शे."

"पुढला आहे काका!"

"मांगला शे."

तासाभराने कळलं, मागचाच होता. बॉनेट बसवलं तर बंद होईना. बंद झालं तर उघडेना. दिव्याच्या कड्या तीनदा बदलल्या. जो स्क्रू हातात घ्यावा तो दुसऱ्याच भोकाचा! कामिनी परात धरून उभी होती आणि एकेक स्क्रू माझ्यापुढे करत होती. 

दिवेलागणीला गाडी उभी राहिली. गाडीसारखी दिसत होती! पण परातीजवळ हातभर लांबीची एक पट्टी शिल्लक होती. उजव्या मागच्या मडगार्डवर तीन रिकामी भोकं दिसत होती. रंगासाठी गाडी भिंतीपासून लांब घेतली होती, म्हणून डावीकडे जाऊन पाहिलं, तर तिथे ना पट्टी, ना भोकं!

आता गणिताचा माणूस काय म्हणेल? गाडीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. डावीकडे नाही, म्हणजे उजवीकडेही नसणार! पट्टी सुकरामच्या दुकानातून दुसऱ्याच कोणाच्या गाडीची आलेली. (एकतीसचा आकडा मी तेव्हा सोयीने विसरलो!) राहिली तीन भोकं. आमचं घर केळीच्या शेतीचं! ठिबकच्या नळीला नको तिथे भोक दिसलं की बूच मारायचं, हे आमच्या रक्तात आहे. शेडमधून तीन रबरी बुचं आणली, ठोकली, वर पांढरा रंग फासला. पट्टी दारामागे लपवली.

दसऱ्याला सकाळी ममताच्या गाडीतून काळा चष्मा लावलेले आप्पा उतरले. घरात आलेच नाहीत. थेट गाडीकडे! बॉनेटवर हात ठेवला, चष्मा जरा खाली केला.

"माले दिसस!" ते म्हणाले. "नवनीत, बठ्ठं दिसस रे!"

मला भरून आलं. खरंच सांगतो, कालचा सगळा शीण गेला. पण आप्पा बोटं फिरवत फिरवत निघाले. दरवाजा, मागचा दरवाजा, उजवं मागचं मडगार्ड. बोट थांबलं. नखाने खरवडलं. एक बूच टुणकन माझ्या पायाशी पडलं!

"आठली पट्टी कथी शे?" त्यांनी रिकाम्या भोकावर बोट ठेवून विचारलं.

"आप्पा, गाडीले दोन बाजू ऱ्हातस. डावीकडे नही, म्हनीसन मी..."

"तू डावी बाजू देखी?" आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. इकडेतिकडे पाहिलं, गुपचूप घरात गेले आणि जुनी ट्रंक उघडून फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आले. सोडलं तर काय! अगदी तशीच पट्टी!

"एक्क्याण्णवमा मीबी गाडी खोली व्हती," ते पुटपुटले. "हाई परत बसनीच नही. रंगवालानी लांबी भरीसन भोकं बुजी टाकात. म्हनीसन ती बाजू भिंतकडे. कोनले सांगं नही मी. तुन्ही मायलेबी नही!"

म्हणजे तीस-बत्तीस वर्षं आम्ही बटाट्यासारखे उतरत होतो, ते यासाठी! मी इतका हलका झालो की हसूच फुटलं. आप्पाही हसले, मग ऑपरेशन झालेला डोळा सांभाळत हसले.

कामिनीने आप्पांची पट्टी उजेडात धरली. तिच्यावर हळदकुंकवाचे थरावर थर चढले होते.

"माले म्हाईत नही म्हनतस!" माय ओट्यावरून म्हणाली. "दर खांडेनवमीले ट्रंक उघाडीसन टिक्का कोन लावस मंग?"

आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू डोळ्यांचं खरं ऑपरेशन आत्ता झालं.

मी दारामागची पट्टी आणली. दोन्ही पट्ट्या एकाच फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवल्या. संध्याकाळी सोनं वाटून सगळे गाडीने परत आलो. बॉनेट एकदाच उघडलं, वाऱ्याने. आप्पा सवयीने मला गाडी भिंतीशी घ्यायला सांगू लागले.

"आप्पा, आते दोन्ही बाजू सारख्या शेत," मी जरा ऐटीतच म्हणालो. "भिंत कसाले पाहिजे?"

आप्पांनी चष्मा खाली करून गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आते तं दोन्हीकडे पाहिजे!"