एकविसावं मिनिट

आमच्या कार्ल्यातल्या किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर साखरेच्या जागी बनियन दिसले, की समजावे, शौकत मास्तर शर्यतीच्या तयारीला लागले. वय एकसष्ट, धंदा शिंप्याचा, मुक्काम आमच्या शेजारी. कोणाच्याही मदतीशिवाय बाराशे किलोमीटर सायकल हाकायच्या शर्यतींचे वेड त्यांना कुठून लागले, हे मी कधी विचारले नाही. माझ्या हातून राहून गेलेल्या गोष्टींपैकी ती एक.

वजन घटवायला शर्टाची कॉलर मास्तर स्वतःच्या कात्रीने उडवीत, खिसे उसवीत. “कॉलर लाडाची, सर,” ते मला म्हणत. “वाऱ्याला कुटं ठावं, आपण कॉलरवाले म्हणून?” नको असलेल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्याकडे हा एकच शब्द होता. घाट उतरताना छातीशी खुपसायला ते माझ्याकडून जुने वर्तमानपत्र नेत आणि त्यातली पुरवणी परत देत, ती लाडाची. झोपायचा कोरडा सदरा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवीत. माणूस भिजला तरी चालेल, झोप भिजता कामा नये, असा त्यांचा सिद्धान्त होता.

झोपेचाही ते सराव करीत. भर दुपारी फाट्यावरच्या एस.टी. थांब्याच्या बाकावर, शर्यतीत ऊब धरणाऱ्या चंदेरी कागदात स्वतःला गुंडाळून, पाय ताठ करून पडत. एकदा कणसे विकणाऱ्या मावशींनी तो देह पाहून उशाशी झेंडूची दोन फुले आणि पाण्याचा तांब्या ठेवला. बरोबर विसाव्या मिनिटाला मास्तर उठले, पाणी प्यायले, तांब्या परत देऊन दुकानात गेले. मावशी त्या दिवशी कणसे तशीच टाकून घरी गेल्या. “एकविसावं मिनिट लाडाचं,” एवढाच मास्तरांचा खुलासा.

गेल्या वर्षी निघण्याआधी ते माझ्याकडे आले. सायकलवरच्या छोट्या यंत्रामुळे प्रत्येक स्पर्धक नकाशावर ठिपका होऊन दिसतो आणि ज्याची त्याची घरची माणसे तो बघत बसतात, असे सांगून त्यांनी माझ्या मोबाइलवर तो नकाशा उघडून दिला. त्यांच्या घरी बघणारे कोणी उरले नव्हते. मुलगा परगावी, आणि त्याला हा प्रकार पसंत नव्हता.

“वळखीच्या मानसाची मदत चालत न्हाई, सर. घरात पाऊल टाकायचं न्हाई, पानीबी घ्यायचं न्हाई. पर बघितलेलं चालतं.”

मी होकार दिला. पहिल्या सकाळी एकदा बघितले. मग राहून गेले.

सहा दिवसांनी मास्तर परतले, कानांपर्यंत करपलेले. मी भेटायला गेलो तेव्हा ते तो झोपायचा सदरा घडी करीत होते.

“मग सर, सगळ्यात जास्त कुटं थांबलो, सांगा बरं?”

बघितले नाही, एवढे दोन शब्द मला उच्चारता आले नाहीत. “कोल्हापूरच्या पुढे,” मी म्हणालो.

त्यांचा हात क्षणभर घडीवर थांबला. “व्हय,” ते म्हणाले. “लय थकलोतो तितं.”

घरी येऊन मी नकाशा उघडला. संपलेल्या शर्यतीची रेघ अजून तिथे होती. कोल्हापूरच्या पुढे ठिपका कोठेच रेंगाळला नव्हता. सगळीकडे वीस-वीस मिनिटे. कोकणातून परतताना, घाट चढून आल्यावर, शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता मात्र तो कार्ले फाट्याच्या थांब्यावर पंचावन्न मिनिटे उभा होता.

त्या बाकावरून आमची गॅलरी समोर दिसते. त्या दुपारी मी गॅलरीत बसून चहा घेतला होता. ऊन डोळ्यांवर येत होते, म्हणून रस्त्याकडे पाठ करून. पस्तीस मिनिटे लाडाची.

यंदा बनियन पुन्हा काट्यावर चढले आहे. काल मास्तर वर्तमानपत्र घेऊन गेले आणि नेहमीप्रमाणे पुरवणी परत करायला आले. यंदाचा नकाशा उघडून देतील म्हणून मोबाइल मी मुद्दाम टेबलावर, त्यांच्या हाताशी ठेवला होता. पुरवणी त्यांनी त्याच्या शेजारी ठेवली आणि ते गेले.