आतारमामांची भरती

आमच्या कवठे येमाईत बांगड्या भरायला जाणं ही पूर्वी अगदी साधी गोष्ट होती. आतारमामांच्या दुकानात जायचं, गादीवर टेकायचं, हात पुढं करायचा आणि मामा घरच्यादारच्या चौकशा करता करता कधी हात भरून मोकळे व्हायचे ते कळायचंही नाही. हल्ली तसं राहिलेलं नाही. हल्ली हात पुढं केला की मामा आधी स्वतः ताठ होतात, मान वर करतात आणि हुकूम सोडतात, "मनगट, सावधान! बोटं, विश्राम!"

परगावाहून आलेली एक नवरी त्या आवाजानं इतकी दचकली की तिनं मूठच आवळली. मामा शांतपणे म्हणाले, "घाबरू नगा ताई. मिलिटरीत असंच असतंय."

इस्माईल आतार हे त्यांचं नाव. मामा मात्र सगळ्या गावाचे. वय पन्नाशीच्या पुढं आणि पोट वयाच्याही पुढं. बाजारपेठेत त्यांचं बांगड्या, रिबिनी, टिकल्यांचं दुकान आणि समोरच माझं घर. मी इथल्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे ते मला बाई म्हणतात. या माणसाला मिलिटरीचं वेड कसं लागलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण सुनंदा, दोघी दुकानात बसलो होतो. सुनंदाची वैष्णवी माझी जुनी विद्यार्थिनी. बारावी झाली होती आणि पोलीस भरतीला उतरायचं म्हणून हटून बसली होती. गावाबाहेरच्या माळावर गव्हाणे नावाच्या निवृत्त हवालदारांनी भरतीची अकॅडमी काढली होती. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. शिकवणी पहाटेची आणि पुरी मिलिटरी पद्धतीची. धावणं, रांगणं, दोरी चढणं, सगळं.

तेवढ्यात सुनंदाचे यजमान संपतराव तिला न्यायला आले आणि घरातलं भांडण दुकानात पुढं सुरू झालं.

"पोरगी अंधारात माळावर जाणार," संपतराव म्हणाले. "तिथं आपलं म्हणून कोण हाय? काय झालं तर गाव मला हसंल. न्हाई म्हंजी न्हाई."

सुनंदाच्या हातावरची नजर न काढता मामा म्हणाले, "मी असतो की."

"तुमी? माळावर?"

"व्हय. रोज पळाय जातो. शुगर वाढलीया. डाक्टर म्हणलं, पळा."

संपतरावांनी मामांच्या पोटाकडं बघितलं. "तुमी रोज पळता?"

"पळतो म्हणून एवढंच हाय," मामा पोटावर हात ठेवून म्हणाले. "न्हाईतर बघाय नको."

मी तोंडाला पदर लावला. मशीद चार घरं पलीकडं, तिथंही हा माणूस मोपेडवर बसून जायचा. शुगर म्हणाल तर चहात पडायची तेवढीच. पण संपतरावांनी मान डोलावली. मामांच्या शब्दावर गावात कुणी संशय घेत नसे. जाताना ते एवढंच म्हणाले, "मामा बरोबर असतील तर जाऊ द्या. ज्या दिवशी मामा न्हाईत, त्या दिवशी पोरगी घरात."

ते गेल्यावर मामा बराच वेळ बांगड्यांचा एकच तोडा पुसत बसले. मग मला म्हणाले, "बाई, पळताना बूट लागतो का हो?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा वैष्णवीला मागं बसवून माळावर पोचले. त्यांचा बेत साधा होता. पोरगी पळेल, आपण बाभळीखाली घोंगडी टाकून पडू. पण घोंगडी अंथरेपर्यंत शिट्टी वाजली.

"ओ चाचा, काय चाललंय?" उस्ताद गरजले.

"काय न्हाई. पोरीबरोबर आलोय. बसतो."

"माझ्या मैदानात बसायला जागा नाही. इथं आला तो पळणार. नाहीतर पोरीला घेऊन घरी जा."

मामांनी घोंगडीची घडी घातली आणि लुंगी वर खोचून पोरींच्या रांगेत उभे राहिले.

पुढची हकीकत मला वैष्णवीनं इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथं नव्हते हे मलाच खरं वाटत नाही. पहिल्या चक्करच्या अर्ध्यात मामांचा श्वास संपला. ते खाली बसले. उस्ताद अंगावर धावून गेले, "उठा! हातात बांगड्या भरल्यात का?"

मामा हात जोडून म्हणाले, "न्हाई साहेब, मी दुसऱ्याच्या हातात भरतो."

मामांचा धंदाच बांगड्यांचा, हे उस्तादांना ठाऊक नव्हतं. पोरी हसून हसून जमिनीवर लोळल्या आणि त्याबद्दल सगळ्यांना शिक्षा म्हणून बेडूकउड्या मिळाल्या. मामांनाही. त्या दिवशी मामा घरी आले ते मोपेडवरून उतरूच शकेनात. रशिदाभाभींनी आणि मी मिळून त्यांना पोत्यासारखं उतरवून घेतलं. भाभी म्हणाल्या, "क्या जी, इस उमर में ये क्या सुझा?" मामा कण्हत म्हणाले, "उद्या परत जायचंय. हुकूम म्हंजी हुकूम."

मला वाटलं, आठवड्यात सगळं बंद होईल. पण झालं भलतंच. मामांना गोडी लागली. लुंगीच्या जागी कुणाच्या तरी निवृत्त फौजी भावाची खाकी हाफपँट आली. ती कमरेला बसेना म्हणून भाभींनी दोन्ही बाजूंना पट्टी जोडून दिली, ती साडीच्या फॉलची, गुलाबी. रांगायच्या सरावात मामांचं पोट जमिनीला टेकायचं आणि हातपाय मात्र हवेत राहायचे. दोरीवर चढताना ते कमरेएवढ्या उंचीवर जाऊन थांबत आणि तिथूनच पोरींना सूचना देत, "वरच्या हातानं खेच! पाय गुंडाळ! खाली बघू नगं!" पोरी त्यांना ओलांडून वर जात. त्यांच्या लोंबकळण्याला मैदानात 'मामा गोधडी' म्हणत, कारण वाळत घातलेली गोधडी अशीच दिसते.

घरात शिट्टी आली. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण. रशिदाभाभींनी आठवडाभर सहन केलं, मग स्वतः बाजारातून मोठी शिट्टी आणली. तीन शिट्ट्या म्हणजे पाणी भरून आणा. तेव्हापासून घरातली शिट्टी आपोआप थंडावली. मशिदीत नमाजाला उभं राहताना मामा शेजाऱ्यांचे खांदे धरून रांग सरळ करू लागले. मौलाना म्हणाले, "रांग नीट झाली हे खरं, इस्माईलभाई. पण 'दहिने देख' म्हणायची गरज नाही."

आणि या सगळ्यात वैष्णवीची धाव वाढत होती. पाठोपाठ आणखी चार घरच्या पोरी येऊ लागल्या. त्यांच्याही बापांना 'मामा हायेत' एवढंच पुरेसं होतं. पहाटे गल्लीतून मोपेड हळूहळू पुढं आणि मागं पोरी पळताहेत, अशी वरात निघायची. मामा मध्येच ओरडायचे, "फौजीला थकायची परवानगी न्हाई!" आणि स्वतः मोपेडवर बसलेले असायचे.

मग खरी अडचण आली. लांब उडीच्या खड्ड्यात मामांचा पाय मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी पाय खाली टेकवायचा नाही असं बजावलं. संध्याकाळी संपतराव भेटायला आले. केळी ठेवली, पायाची चौकशी केली आणि उठताना म्हणाले, "मंग आता उद्यापासनं वैष्णवी घरीच. तसंबी शिरूरचं एक स्थळ आलंय. बघून घेतो."

वैष्णवी दाराशी उभी होती. मामांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि संपतरावांना म्हणाले, "घरी कशापायी? मी जाणार हाय उद्या."

"या पायावर?"

"दुसरा पाय हाय की."

दुसऱ्या दिवशी मामा खरंच गेले. वैष्णवी मोपेड चालवत होती आणि मामा मागं, बांधलेला पाय पुढं काढून, काठी बंदुकीसारखी खांद्याला लावून. मैदानात बसायचं नाही हा नियम त्यांना ठाऊक होता. म्हणून ते बाभळीला टेकून एका पायावर उभे राहिले. बगळ्यासारखे. पहिली चक्कर, दुसरी चक्कर, उस्ताद लांबून बघत होते. मग ते स्वतःची खुर्ची उचलून घेऊन आले, मामांच्या मागं ठेवली आणि स्वतःची शिट्टी त्यांच्या गळ्यात घातली. "बसा चाचा. आजपासून तुम्ही स्टाफ."

लांब बांधावर संपतराव उभे होते. खात्री करायला आले होते. मामांना एका पायावर उभं राहिलेलं त्यांनी बघितलं असणार, कारण स्थळाचा विषय पुन्हा काही निघाला नाही.

पाय बरा झाला, हिवाळा सरत आला आणि उस्तादांनी एक दिवस जाहीर केलं की दौंडला सगळ्या अकॅडम्यांची मिळून सराव चाचणी आहे. भरतीच्या आधी पोरींचा कस कळेल. आम्ही दोन जीप करून निघालो. सुनंदानं गळ घातली म्हणून मीही गेले. संपतराव "मी फकस्त सोबतीला" असं म्हणत पुढच्या सीटवर बसले.

दौंडचं मैदान रेल्वेच्या रुळांजवळ. गाडी गेली की उस्तादांची शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही. वैष्णवीची आठशे मीटरची धाव लागली तेव्हा संपतराव जीपमध्येच होते. दुसऱ्या चक्करला ती तिसरी होती. तेव्हा ते उतरून तारेच्या कुंपणाशी आले. शेवटच्या वळणावर तिनं एकीला मागं टाकलं आणि हा माणूस, जो गावच्या सभेत हळू आवाजात बोलतो, तो कुंपणाच्या कडेनं धोतर सावरत पळत सुटला, "वैशे! रेट! रेट गं माझे बाय!" वैष्णवी पहिली आली. संपतरावांना दम लागून खोकला आला, आणि मामांनी त्यांच्या पाठीवर थापटत सांगितलं, "श्वास नाकानं घ्यायचा. सवय न्हाई तुमाला."

दुपारी मामांची लेक शाहीन आली. ती दौंडलाच दिलेली. जावई रेल्वेत, राहायला कॉलनीत. कडेवर वर्षाची पोरगी आणि हातात भलामोठा डबा. सगळ्यांना पुरेल एवढा खिमा-पाव आणि आमच्यासाठी वेगळी मटकीची उसळ. मामांची गुलाबी पट्टीची हाफपँट बघून ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शाहीनला बघितलं आणि मला आमच्या शाळेचं मैदान आठवलं. काय पळायची ही मुलगी! तालुक्यात पहिली, जिल्ह्यात पहिली. पुढच्या निवडीसाठी पुण्याला पाठवायचं पत्र आलं होतं. पण पुण्याला तिला घेऊन कोण जाणार, तिथं बरोबर कोण राहणार, हा प्रश्न काही सुटला नाही. जत्रेचा हंगाम होता, दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. शाहीननं हट्ट केला नाही. ती शहाणी मुलगी होती. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि मामांनी लेकीच्या हातात स्वतः चुडा भरला.

जेवणं झाली. पोरी जीपमध्ये जाऊन बसल्या, दुसऱ्या अकॅडम्यांची माणसं चुन्याच्या रेघांवरून चालत घरी निघाली. मामा उस्तादांपुढं जाऊन ताठ उभे राहिले. "साहेब, एक चक्कर मारायची परवानगी पायजे."

"चाचा, पाय सांभाळा आता. तुमची चाचणी झाली."

"माझी न्हाई. ही नवीन भरती हाय," म्हणून त्यांनी शाहीनकडं बोट केलं.

"अब्बा! काहीतरीच!" शाहीन लाजली. "आता मी कुठं पळू? पोरीची आई झाले."

"मग मी त्या आईचा बाप हाय. मी पळतो की."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी हात पुढं केले आणि तिची पोरगी घेतली. शाहीननं चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि रेघेवर जाऊन उभी राहिली. मामा तिच्या शेजारी. शिट्टी उस्तादांनी वाजवली.

पहिलं वळण दोघांनी बरोबरीनं घेतलं. ती मुद्दाम हळू पळत होती, हे मला लांबूनही दिसत होतं. मामांचा पाय मधूनच तिरका पडत होता. समोरच्या बाजूला पोचल्यावर मामा थांबले, कमरेवर हात ठेवून वाकले. शाहीनही थांबली. परत फिरून त्यांच्याकडं येऊ लागली.

तेव्हा मामा ओरडले. माळावरच्या सगळ्या पहाटांत त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"माझ्यापायी थांबू नगं! पळ, शाहीन! पळ तू!"

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळली. पहिली काही पावलं चाचपडत पडली आणि नंतर ती जी सुटली, ती आमच्या शाळेच्या मैदानावर सुटायची तशीच. जीपमधल्या पोरी उठून उभ्या राहिल्या. माझ्या कडेवरची पोरगी आईकडं बघून टाळ्या पिटायला लागली.

मामा मैदानाच्या पलीकडच्या कडेला एकटेच उभे होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड वर, लेकीकडं.