दहावी टोपी

रिक्षातून बाई उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मीच बेंजामिन."

प्रार्थनेच्या घराच्या अंगणात आम्ही उभे होतो. मोझेसभाऊंच्या हातात एक टोपी होती, ती तशीच पुढे धरलेली राहिली. धुऊन, इस्त्री करून त्यांनी दहा टोप्या आणल्या होत्या. आठ पाहुण्यांनी घातल्या, एक त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर. दहावी बेंजामिनची. इस्रायल लोकांत, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यूंत, मयताच्या नावाने म्हणायची ती प्रार्थना त्यांच्यातले दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. नऊ चालत नाहीत, बाई चालत नाही. मोझेसभाऊंची बायको रिबका हिला जाऊन त्या दिवशी त्यांच्या पंचांगाप्रमाणे दोन वर्षं होत होती. पहिल्या वर्षी सातच पुरुष जमले आणि प्रार्थना राहिली. यंदा सूर्य मावळायच्या आत ती व्हायला हवी होती. ऊन कौलांवर जाऊन बसलं होतं, आणि दहावा पुरुष साडी नेसून आला होता.

मोझेस चिरनेरकर म्हणजे माझे शेजारी, भिंतीला भिंत. पनवेलच्या जकात नाक्यावर त्यांनी उभा जन्म काढला. ट्रकमधल्या पोत्यांत लोखंडी सळई खुपसायची आणि आत काय आहे ते बघायचं, ही नोकरी. रिटायर झाले तरी सळई हातातून सुटली नाही. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवल्याशिवाय पातेलं पुढे करत नसत. लग्नाची पत्रिका आली तर आधी उलटी करून कुठे छापली ते बघायचे. कोणी काही सांगायला लागलं की शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बोलणं झालं. कागद दाखवा."

दिवाळीला मी करंज्या दिल्या की प्रत्येक करंजी मोडून आत बघत. एकदा मी विचारलंच, "भाऊ, बायकोच्या हातचीही अशीच फोडता का?"

आतून रिबका ओरडली, "माझी तर तोलून घेतात!"

रिबका कमी बोलायची. पण भाऊ ड्युटीवरून आले की चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, "जेवलात का?" ते नाक्यावर जेवूनच येत, हे तिला ठाऊक होतं. तरी विचारायचीच. भाऊ मोठ्याने ढेकर द्यायचे आणि म्हणायचे, "हा घ्या कागद." भिंत पातळ. ढेकर मला रोज ऐकू यायचा.

रिबका गेल्यावर इस्रायलमधल्या मुलाने बापासाठी कॉम्प्युटर घेऊन दिला. तेव्हा आमच्या आळीत कॉम्प्युटर कोणाकडे नव्हता. संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून मांजराची शेपटी दारात सापडावी तसा आवाज यायचा, मग खरखर, मग शांत. यंत्र फोनच्याच तारेवर चालायचं, त्यामुळे त्यांचा फोन दोन-दोन तास बंद. माझ्या लेकीचे फोन त्यांच्याकडेच येत, ते बंद पडले. फक्त शनिवारी त्यांच्या धर्माप्रमाणे यंत्राला, विस्तवाला हात लावायचा नाही, म्हणून लाइन मोकळी असायची. फोनही ते उचलत नसत. शनिवारी त्यांची शेगडी पेटवायला मी जायचीच, तेव्हा फोनही मीच उचलायची. लेकीला सांगून ठेवलं, माझी आठवण आली तर शनिवारीच येऊ दे.

"करता काय त्या यंत्राशी?" मी विचारलं.

"गप्पा. आमच्या समाजाच्या लोकांची खोली आहे, वहिनी. ठाणे, पुणे, अलिबाग, थेट इस्रायल. सगळे त्या खोलीत जमतात."

"खोली आहे कुठे?"

"कुठेच नाही."

"मग भाडं कोणाला जातं?"

भाऊ हसले. माझा संशय पक्का झाला. ज्या खोलीला भिंत नाही, भाडं नाही आणि जिथे कोणी कोणाचं तोंड बघितलेलं नाही, तिथे भली माणसं कशाला जातील?

एक दिवस त्यांनी मला शेजारी बसवून वाचून दाखवलं. कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाच्या सुनेला मुलगा झाला, भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करायचं. हे बोलायला आमचा नळ काय वाईट होता? आणि नावं तरी कसली! एकजण कोकण टायगर. एकजण नुसता रोमिओ.

"ही खरीच तुमची माणसं कशावरून?" मी म्हटलं.

भाऊंना हेच हवं होतं. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सळई घातलेली आहे, वहिनी. नवा माणूस खोलीत आला की मी सहज विचारतो, पनवेलला या, कोलंबीचं कालवण कुठे चांगलं मिळतं सांगा. आमच्यात कोलंबी चालत नाही. जो गडबडून नाही म्हणतो तो आपला. परवा एकाने खोबरं किती आणि कोकम किती ते सगळं सांगितलं. काढला बाहेर."

"आणि तुमच्यातलाच एखादा चोरून खाणारा असला तर?"

त्या रात्री म्हणे भाऊंनी रोमिओची पुन्हा तपासणी केली.

मग बेंजामिनचं नाव यायला लागलं. पुण्याचा बेंजामिन असं म्हणाला, बेंजामिनला खोकला झालाय.

"त्याला कोलंबीचं विचारलंत?"

"विचारायचं राहिलं."

माझे कान उभे राहिले. करंज्या तोलून घेणारा माणूस म्हणतो, विचारायचं राहिलं!

"बोलतो काय तो?"

"विशेष काही नाही. आल्या आल्या विचारतो, जेवलात का."

"जपून असा. जेवणाची चौकशी करणारा पुढे काहीतरी मागतो."

"वर्ष होत आलं," भाऊ म्हणाले. "अजून तरी मागितलं नाही."

त्या वर्षी रिबकाची तिथी रविवारी आली आणि नेमकं त्याच दिवशी मुंबईत समाजात मोठं लग्न निघालं. आळीतले त्यांच्या समाजाचे उरलेसुरले पुरुषही तिकडे जाणार. भाऊंनी डोकं चालवलं. खोलीतल्या लोकांना कर्नाळ्याच्या सहलीचं बोलावणं धाडलं. पक्षी बघा, किल्ला बघा, जेवण माझं.

"आणि प्रार्थनेचं?" मी विचारलं.

"ते नाही लिहिलं. नमाजाला बोलावलं की लोकांचे गुडघे दुखतात. सहलीला बोलावलं की तेच लोक डोंगर चढतात. परतताना वाटेत थांबायचं, बस." प्रार्थनेला त्यांच्यात नमाजच म्हणतात.

"म्हणजे नाक्यावरून खोटा माल पास करताय."

"कागदावर सहलच आहे," भाऊ म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. "वहिनी, तुम्ही चला. माणसं वाचायला तुम्ही बऱ्या."

कोन गावच्या एकाचा टेम्पो ठरवला. सकाळी स्टँडवर एकेक जण उतरायला लागला तशी मी नीट बघून घेतलं. कोकण टायगर म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा बँकेतला कारकून, मफलर गुंडाळलेला. रोमिओ दातांचा डॉक्टर होता, वय साठ, स्वतःचे दात काढलेले. आठ जण आले. बेंजामिनने कळवलं होतं, थेट संध्याकाळी येतो; त्याला भाऊंनी आळीतल्या प्रार्थनेच्या घराचा पत्ता दिला होता.

कर्नाळ्याला पक्षी कोणी बघितले नाहीत. वर्षभर रोज बोलणारी माणसं समोरासमोर आली आणि त्यांना बोलता येईना. सगळे लाजून झाडांच्या पाट्या वाचत होते. मी पुऱ्या काढल्या तेव्हा कुठे तोंडं उघडली. टायगरला माकडाने दम दिला, त्याची पुरी गेली, सगळे हसले आणि मग एकमेकांना अरे-तुरे सुरू झालं. मी डबे मोजले, चमचे मोजले. काही गेलं नव्हतं. तरी पिशवी मी मांडीवरच ठेवली.

परतताना टेम्पो आळीत, त्यांच्या प्रार्थनेच्या घरापाशी थांबला. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणतात. भाऊंनी पिशवीतून टोप्या काढल्या आणि रिबकाची तिथी असल्याचं सांगून टाकलं.

टायगर म्हणाला, "काका, हे आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर आला असतास?"

त्याने थोडा विचार केला. "नसतो आलो," म्हणाला, आणि टोपी घातली.

त्यांच्यात माणसं मोजत नाहीत, अशुभ मानतात. म्हणून भाऊ टोप्या मोजत बसले. एक उरली. ती हातात घेऊन ते दारात जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे. असं किती वेळा झालं देव जाणे. आणि मग ती रिक्षा आली.

"मीच बेंजामिन," बाई म्हणाली. चाळिशीची असेल. "बेंजामिन माझ्या वडिलांचं नाव. बाईचं नाव लिहिलं की खोलीत नको ती माणसं बोलायला येतात, म्हणून त्यांचं लिहिलं. काका, तुम्ही म्हणालात, बेंजामिन, तू आला नाहीस तर सगळं फुकट. तेव्हाच सांगायला हवं होतं. पुण्याच्या स्टँडवर बसून दोन गाड्या सोडल्या. तिसरीत चढले."

रोमिओ हळूच म्हणाला, "धरून घेऊ या हिला. कोण बघतंय?"

टेम्पोवाला मागून सगळं ऐकत होता. तो पुढे आला. "काका, ती टोपी आना इकडं, मी घालतो. झालं ना धा? आमी नाय सांगनार कोनाला."

त्याला खरंच मदत करायची होती. भाऊ त्याच्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "नाही रे बाबा. माल नऊच आहे. रिबकाच्या नावाने दहा लिहून सोडणार नाही."

कौलांवरचं ऊन गेलं. भाऊंनी टोपीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

बाई रडेल असं मला वाटलं, पण तिने पर्स उघडून तिचं शाळेचं ओळखपत्र काढलं. "काका, माझ्यावर विश्वास बसणार नाही तुमचा. हे बघा तरी."

जन्मभर लोकांकडे कागद मागणाऱ्या माणसाने तो कागद हातात घेतला आणि न वाचता परत दिला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"वहिनी, पोहे भिजवा. मलिदा करू. त्याला कोणी टोप्या मोजत नाही."

ओळखपत्र मग मी मागून घेतलं. मराठीत होतं, म्हणून वाचता आलं. नाव लिया, प्राथमिक शाळेत शिक्षिका. फोटोही तिचाच होता.

भाऊंच्या घरी सतरंजी अंथरली. पोहे, गूळ, ओलं खोबरं, केळी, खजूर, असा त्यांचा देवापुढे ठेवायचा मलिदा. लियाने खोबरं खवलं. मग तिने विचारलं, "काकू कशा होत्या?" भाऊ सांगायला लागले. करंज्यांचं सांगितलं, तोलून घेत होते तेही कबूल केलं. जेवलात का, या प्रश्नाशी आले आणि थांबले. पुढचं सांगितलंच नाही. मी भिंतीपलीकडून रोज ऐकलेलं होतं, मीही नाही सांगितलं. टायगरने तिसऱ्यांदा मलिदा वाढून घेतला. शेवटी भाऊंनी मोठा ढेकर दिला. लोक हसले, त्यांना काय ठाऊक.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडे यंत्र किंचाळलं. मी जाऊन म्हटलं, "आता तरी तिला खरं नाव लिहायला सांगा."

"राहू दे," भाऊ म्हणाले.

रिबकाची प्रार्थना त्या वर्षीही झाली नाही. त्या संध्याकाळी त्या घरात होतो ते असे: मोझेसभाऊ धरून टोपीवाले नऊ, पुण्याची लिया, कोनचा टेम्पोवाला आणि मी.