ट्रम्पेटवाल्याचं लिव्हर

आठ महिने न उघडलेली काळी पेटी.

सकाळपासून रिकामं पोट.

शेजाऱ्यांनी पलीकडून ठोकून ठोकून पोपडे काढलेली भिंत.

कागदी चादरीवर उताणा पडलेला माणूस, उजवा हात डोक्याखाली.

हा माणूस म्हणजे निवृत्त ट्रम्पेटवाला. लिव्हर सिरॉसिस निघाल्यापासून डॉक्टरांनी त्याचं वाजवणं बंद केलं होतं. कडक लिव्हरमुळे आतल्या शिरांमधला दाब वाढला असेल, तर फुंकण्याच्या जोराने एखादी फुगलेली शीर फुटायची भीती होती. त्या दाबाचा अंदाज आज बरगड्यांवर यंत्र टेकवून, लिव्हरचा कडकपणा मोजून घ्यायचा होता. आकडा पंधराच्या आत आला तर ट्रम्पेटची पेटी उघडायची. पंचविसाच्या वर गेला तर ती माळ्यावर. आठ महिने तो झोपेतसुद्धा उशीवर बोटं दाबत होता.

"काका, श्वास थांबवा," यंत्रावरची बाई म्हणाली.

चाळीस वर्षं श्वासावरच संसार चालवलेल्या माणसाला हे सांगायचं? त्याने छाती फुगवली, पोट आवळलं आणि लांब सूर धरायच्या बेतात थांबला.

"सत्तावीस."

तो हादरला. आपला दम कमी पडला असं वाटून त्याने आणखी हवा भरली.

"एकतीस!" बाईने घाबरून डॉक्टरांना बोलावलं. त्यांच्यामागून चार विद्यार्थी आत आले. समोर श्रोते पाहताच गड्याने जीव ओतला.

"अडतीस." डॉक्टर गंभीर झाले. "काका, ट्रम्पेट आता विसरा."

त्याच्या तोंडून श्वास निघाला. लांबलचक, शेवटी बारीक होत गेलेला. बाईने सवयीने बटण दाबलं.

"तेरा?"

कोपऱ्यातून बायको उठली. "अहो, दम कोंडून बसला होतात की काय? डॉक्टर, हे दीड मिनिट एक सूर धरतात. यांना कुणी श्वास थांबवायला सांगतं का!"

"मला वाटलं, दमाचीच परीक्षा आहे," तो पुटपुटला.

"लिव्हरची आहे, लिव्हरची!"

दम कोंडल्याने लिव्हरवर दाब येऊन आकडा फुगत होता. मग साधा श्वास सोडायला लावून दहा वेळा मोजलं. तेराच. रक्ताच्या अहवालात प्लेटलेट्सही चांगल्या होत्या, म्हणजे शीर फुटायचा धोका कमी.

"वाजवा," डॉक्टर म्हणाले, "पण बेताने."

"झालं! माझी डोकेदुखी परत सुरू," बाहेर पडताना बायको म्हणाली.

या तपासणीची चिठ्ठी गेल्या महिन्यात तिनेच डॉक्टरांकडून लिहून घेतली होती, त्याला न सांगता, चौथ्या खेपेला.