चालकाची चूक: शून्य टक्के

रविवारी सकाळी दंतवैद्याच्या हातून मेहुण्याचा ड्रोन पडला. तो पडला नाही.

जे वर जातं ते खाली येतं, हा सृष्टीचा नियम. हौशी ड्रोनचालक मंडळात मात्र ड्रोन पडत नाही, त्याचं 'अनपेक्षित अवतरण' होतं. मग मंडळाची कारणनिश्चिती समिती चहा पिऊन कारण ठरवते. आजवरची आकडेवारी: वारा एकेचाळीस टक्के, झाड मध्ये येणं तेहतीस (झाडं आधी तिथे नव्हती, असं चालक सांगतात), दगाबाज बॅटरी चोवीस, कावळा दोन (कावळ्यांचं म्हणणं मागवलेलं नाही). चालकाची चूक शून्य. इतकी निर्दोष माणसं एका छपराखाली दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाहीत.

दंतवैद्य तिथला उमेदवार सभासद. स्वतःचा ड्रोन नसल्यामुळे त्याने बायकोला मध्ये घालून धाकट्या मेहुण्याचा आणला. मेहुण्याचं पोट त्यावरच, लग्नांच्या चित्रीकरणावर. संध्याकाळीही एक काम होतं. बायकोने बजावलं होतं, "माझ्या शब्दावर दिलाय त्याने. काही झालं तर माहेरी तोंड मला दाखवायचंय."

मैदानावर ड्रोनच्या रिमोटचा पडदा सांगत होता, उपग्रह सापडेपर्यंत थांबा. दंतवैद्य भूल चढायचीही वाट बघत नाही. उपग्रह कोण लागून गेले? ड्रोन झकास उडाला. सभासदांच्या माना वर गेल्या. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकला, तसं त्याने ऐटीत 'घरी परत'चं बटण दाबलं.

ड्रोन आज्ञाधारकपणे घरी निघाला. स्वतःच्या. त्याला आदल्या दिवशीची मेहुण्याची गच्चीच घर म्हणून आठवत होती. उपग्रहांना विचारून नवं घर ओळखायला त्याला कुणी वेळच दिला नव्हता. बघता बघता तो इमारतींमागे दिसेनासा झाला.

समितीने कारण दिलं, वारा. पान हलत नव्हतं, म्हणून 'वरचा वारा'. दंतवैद्याला जागच्या जागी कायम सभासद करण्यात आलं.

दंतवैद्य बायकोला घेऊन मेहुण्याकडे गेला. मेहुण्याने दार उघडलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि हातातला ड्रोन ठिबकत होता.

"वरचा वारा होता रे," दंतवैद्य म्हणाला.

"असेल. पण पत्ता बरोबर ठाऊक होता त्याला, भावोजी. नेमका माझ्याच पाण्याच्या टाकीत."

बायको भावाला म्हणाली, "यांचं असंच. दाढ मोडली की म्हणतात, दाढच किडकी होती."

संध्याकाळी आकाशातून चित्रीकरण ठरल्याप्रमाणे पार पडलं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर, लांब काठीला मोबाईल बांधून, दंतवैद्य उभा होता. तिथूनही त्याचं एकदा अनपेक्षित अवतरण झालं (वारा).

समितीचं नम्र आवाहन: 'चालकाची चूक' या विभागाच्या प्रमुखाची खुर्ची स्थापनेपासून रिकामी आहे. ज्या वाचकाने घरात काही फोडल्यावर, कुणी विचारायच्या आत, 'माझ्या हातून झालं' असं आपणहून सांगितलं असेल, त्याने दोन साक्षीदारांसह त्वरित हजर राहण्याची कृपा करावी.