सुभानराव सरदारांनी हरभऱ्याचे राखणीस कुत्री पसंत केली त्याची हकिकत

श्री. ज्याचे कृपेने चार पायांस धाव आणि दोन पायांस हाव प्राप्त जाहली, त्यास नमन करून, शके सोळाशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, पौष मासी जे वर्तमान घडले ते लिहितो. राज्याचे नाव पुसू नये; नाव लिहिले तर तेथील लोक म्हणतील, आम्ही ऐसे नव्हतो.

त्या राज्यी सुभानराव म्हणोन सरदार होते. हुजुरांचे पागेलगतचे हरभऱ्याचे रान त्यांस लावून दिले होते आणि पागेच्या घोड्यांस दाणा पुरवणे हेच त्यांचे कामकाज होते. गतवर्षी सशांनी घाटे धरू दिले नाहीत, घोडी कडब्यावर राहिली, आणि हुजूर रागें भरोन बोलिले की, "यंदा दाणा न पोचला तर रान निंबाजीरावांस देऊ." निंबाजीराव म्हणजे सरदारांचे चुलतबंधू, ते तेव्हापासोन नित्य रानाचे बांधावर हिंडावयास येऊ लागले आणि प्रकृतीस हवा मानवते ऐसे सांगू लागले. आता बंदुकीचा बार काढावा तर पागेत गाभण घोड्या, बिचकोन गाभ टाकतील. गावठी कुत्रे ठेवावे तर ते भुंकते, आणि भुंकण्यानेही घोड्या बिचकतातच. तेव्हा मुकाट्याने धावणारे जनावर पाहिजे ऐसे ठरले, आणि सरदारांनी जन्मात कुत्रे पाळिले नव्हते.

मग मंडळी बसली आणि प्रत्येक जण आपल्यासारखेच कुत्रे सुचविता जाहला, हे नवल पाहण्याजोगे. फडणीस सडपातळ, लांब नाकाचे, ते म्हणाले, "अस्सल कारवानी कुत्रा घ्यावा, नाक लांब पाहिजे." किल्लेदार पोटाने भारी, ते म्हणाले, "छाती रुंद पाहावी, अंगात काही असावे." निंबाजीराव म्हणाले, "रंग पांढरा असावा, दरबारात शोभतो." कामाचे कोणी बोलिले नाही. शेवटी अस्सल कारवानी आणविला, आणि तो ऐसा धावला की ससा दिसताच कान मिटून गेला तो शेजारचे राज्यात, आणि तिकडील लोकांनी परत दिला नाही. सरदार खिन्न जाहले; परंतु त्यांस एक गोष्ट उमगली की, निव्वळ धावेने भागत नाही, धावेत थोडी अक्कल मिसळली पाहिजे. मग कारवानी बाप आणि मेंढक्याची कुत्री आई ऐसे मिसळीचे जनावर कोठे मिळते याचा शोध चालला.

माळावर धनगरांचा वाडा उतरला होता, त्यात म्हाळसा नामे बाई होती आणि तिजपाशी ऐसी एक कुत्री होती, पाठीवर वाघासारखे पट्टे, पोट खपाटीला, नाव भवानी. सरदार सर्व लवाजम्यानिशी गेले, आणि त्यांचे पुढे सटवोजी चोपदार. त्या राज्याची रीत ऐसी की, सरदाराने आपले तोंडाने कोणास हाक मारू नये. चोपदाराने आधी सर्व किताब उच्चारावे आणि मग बोलावावे. घरात पाणी मागणे जाहले तरी हीच रीत. फडणिसांनी कुत्रीचे दात पाहिले, शेपूट मोजली, गोत्र पुसावयाचे तेवढे राहिले. म्हाळसा कमरेवर हात देऊन म्हणाली, "आवं, कुत्री न्याया आलासा का सून बघाया? आता नाचून बी दावू का तिला?"

सरदार हसले आणि पुसते जाहले, "बाई, कोंबड्या धरते का?"

"कोंबडी? ही? बघत बी न्हाई तिच्याकडं."

(दुसरेच दिवशी फडणिसांची कोंबडी गेली, हे येथेच नमूद करितो, विकणारे सर्वत्र सारखेच.)

मग म्हाळसेने उलट पुसले, "दिसभर बांधून ठेवनार का? अन् हाक कोन मारनार?" सरदारांनी चोपदाराकडे बोट केले. म्हाळसा म्हणाली, "मग कुत्री त्याची झाली की वो! तुमी काय नुसतं बघनार?" मंडळी गालांत हसली. हरभरा काढिल्यावर रानात म्हाळसेच्या मेंढ्या बसाव्या, रानास खत व्हावे आणि मेंढ्यांस चारा, ऐसा करार होऊन भवानी आली.

पुढे चोपदाराने तीस शिकविले. तो काठी आपटोन म्हणे, "अखंडलक्ष्मी-अलंकृत, रणधुरंधर, दाणेसरंजाम, श्रीमंत सुभानराव सरदार यांची आज्ञा ऐसी जे, भवानीने हजर व्हावे!" आणि शेवटचा शब्द होताच भाकरीचा तुकडा टाकी. कुत्री शहाणी, तीस कळले की तुकडा शेवटी आहे, तेव्हा ती सर्व किताब होईतों माती हुंगत राही आणि "व्हावे" होताच येई. सर्वांनी वाहवा केली. सरदार मात्र जेवताना पाटाआडोन आपले हाताने तीस घास देत आणि कोणी ऐकत नाहीसे पाहोन हळूच पुटपुटत, "खा गं बये, खा."

एके दिवशी सकाळी हुजूर घोड्या पाहावयास आले. निंबाजीरावही हवेसाठी हजर होतेच. इतक्यात हरभऱ्यातोन ससा उठला तो थेट पागेकडे, आणि भवानी त्याचे मागे बाणासारखी. घोड्यांनी कान टवकारिले. सरदारांनी चोपदारास खूण केली. सटवोजीने काठी आपटिली आणि प्रारंभ केला, "अखंडलक्ष्मी-अलंकृत..." कुत्री अर्धे रान ओलांडोन गेली. "रणधुरंधर..." कुत्री बांधावर. सरदार कुजबुजले, "अरे, आटप!" सटवोजी म्हणे, "सरकार, किताब गाळिला तर माझी चाकरी जाईल," आणि पुन्हा मुळापासोन आरंभ केला. तेव्हा सुभानरावांनी पागोटे मागे सारिले, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि हुजुरांदेखत, भाऊबंदांदेखत ओरडले, "अगं ए भवाने! थांब बये! फीर माघारी!"

कुत्री पागेचे दारी जागीच वळली, धूळ उडाली, आणि पळत येऊन सरदारांचे पायांशी लोळली. ससा पागेत शिरला आणि पलीकडोन निघोन गेला. एक घोडी फुरफुरली, इतकेच.

मग निंबाजीराव पुढे जाहले, "हुजूर, सरदाराने मेंढपाळासारखी हाक मारिली. मान राहिला नाही. ऐशाकडे रान कैसे ठेवावे?"

हुजुरांनी पुसले, "घोड्या बिचकल्या काय?"

"नाही, पण—"

"हरभरा तुडविला काय?"

"नाही, परंतु रीत—"

"रीत मोडली हे खरे," हुजूर बोलिले. "ज्यास स्वतः हाक मारिता येते त्यास चोपदार कशास? सटवोजी आजपासोन तुम्हांकडे. तुमचा एक आहेच. आता दोघे मिळोन ललकारोत. रान आहे त्याकडेच राहो."

तात्पर्य, दाणा पागेस पोचला, घोड्या सुखरूप व्याल्या, म्हाळसेच्या मेंढ्या करारान्वये रानात बसल्या. निंबाजीरावांस घरात पाणी मिळावयास आता दुप्पट वेळ लागतो. सुभानरावांस ओरडण्याची ऐसी गोडी लागली की, ते बाईसाहेबांसही जेवावयास स्वतःच हाक मारितात. कुत्री पहिल्या हाकेस येते. बाईसाहेबांचे काही सांगवत नाही. इतके वर्तमान.